हळदीच्या दिवसांत न उचललेला फोन

माघ सरत आला की आमच्या कांडपाच्या दुकानात हळकुंडं यायला लागतात. पुण्यातल्या बाया वर्षाची हळद एकदाच दळून ठेवतात. कुणी कापडी पिशवीत आणतं, कुणी स्टीलच्या डब्यात. मिरचीच्या दिवशी मी नाकातोंडाला फडकं बांधते आणि तरीही शिंकून शिंकून बेजार होते. हळदीच्या दिवशी फडकं खुंटीलाच राहतं. मशीन सुरू होतं, हळकुंडं कडाकडा फुटतात आणि वास वर येतो. थोडा मातीचा, थोडा कडवट, थोडा देवघरातल्यासारखा. मी उभी असते पुण्यात, एका गल्लीतल्या पत्र्याच्या दुकानात. पण पाय जाऊन पोचलेले असतात गावाकडं, हट्ट्याजवळच्या आमच्या शिवारात, हळदीच्या कढईपाशी.

मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. लिहायची सवय नाही. तरी हा वास दर वर्षी येतो आणि मला गप्प बसू देत नाही.

आमच्याकडं हळद शिजायला लागली की गावाचा रंगच बदलतो. रानात मोठी कढई मांडायची, खाली जाळ, वरून हळदीचाच पाला आणि ओली पोती झाकायची. पोत्यांच्या फटीतून वाफ निघायला लागली की ती पार रस्त्यापर्यंत जाते. येणारा-जाणारा म्हणतो, कुणाची तरी हळद शिजून राहिली. आत शिजली का नाही, हे बघायला माझे सासरे एक हळकुंड काढून त्यात बारीक काडी खुपसायचे. काडी सरळ आरपार गेली की हात वर करायचे, मग आम्ही बाया घमेली घेऊन धावायचो. गरम हळद खळ्यावर पसरायची, हातानं हालवायची. दोन-चार दिवसांत हात पिवळे, तळपाय पिवळे, नखं पिवळी, लुगड्याचे काठ पिवळे. लेकराचं तोंड पुसलं तर त्याचे गालही पिवळे. त्या दिवसांत गावातलं कुणी कुणाला ओळखायचं ते चालण्यावरून. रंग सगळ्यांचा एकच.

म्हणून त्या साली माझा रंग गेलेला कुणालाच दिसला नाही.

घमेलं उचललं की मला धाप लागायची. डाव्या बरगडीखाली जड-जड वाटायचं, जसं कुणी आत ओलं पोतं ठेवून दिलंय. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. पोट थोडं दिसायला लागलं तेव्हा सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, वेगळाच आनंद झाला. माझी गोदू चार वर्षांची झाली होती. आत्याबाई म्हणाल्या, "बस आता खाली. जड नको उचलू. गोदूला भाऊ येऊन राहिला." कुठून तरी चिंचा आणल्या. मीही खाल्ल्या. मलाही वाटलं, असंल.

हळद संपली. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या बाया विहिरीवर हातपाय घासायला बसलो. वीट घ्यायची, तेल घ्यायचं, घासत बसायचं, हसायचं. हळूहळू एकेकीचा हात आपल्या रंगावर आला. कुणाचा काळा, कुणाचा गव्हाळ. माझा हात घासून घासून पांढराच राहिला. जाऊबाईंनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, नखं बघितली आणि त्यांचं हसणं थांबलं. "मुक्ता, तुझी हळद निघाली गं. पन खालून तुझा रंग काहून निघंना?"

तो प्रश्न घेऊन आम्ही आधी नांदेडला गेलो आणि तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सांगितलं की हे लेकरू नाही, डाव्या बरगडीखाली पाणथरी असते ती सुजलीय. रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा. आता यावर गोळी निघालीय, ती फुकट मिळायची सोय करू. रोज घ्यायची, जन्मभर. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवण झाल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. यातलं मला एकच ऐकू आलं. कॅन्सर. बाकीचं सगळं मालकांनी ऐकलं आणि नंतर मला परत परत सांगितलं.

मला मरायची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी एक भीती होती. ती म्हणजे हे फक्त मलाच झालंय. आमच्या गावात कुणाला झालं नव्हतं, पाहुण्यारावळ्यांत कुणाला नव्हतं. देवानं एवढ्या दुनियेतून बोट ठेवलं ते माझ्यावरच. गावात आम्ही सांगितलं, रक्त कमी आहे. खरं सांगितलं असतं तर गोदूला कुणी मांडीवर घेतलं नसतं, असं मला वाटायचं. गोदू मोठी होईपर्यंत तरी आपण राहू का, एवढाच हिशोब मी दिवसभर मनात करायची आणि तो कधी जुळायचा नाही.

दवाखान्याच्या लांब बाकड्यावर मी अशीच बसलेली असताना शेजारी एक बाई येऊन बसली. बसली म्हणजे काय, बाकड्यावर पाय वर घेऊन मांडीच घातली. हातात चांदीच्या पाटल्या, तळपाय भेगाळलेले आणि अंगाला मेंढरांचा वास. त्या फिनेलच्या वासात तो वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या रानात उन्हाळ्यात हटकर धनगरांची मेंढरं बसायला येतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं. तोच वास.

"कुठली गं तू?" तिनं विचारलं.

"हट्ट्याकडची."

"अगं बाई! आमची मेंढरं दर साली तिकडं बसत्यात. तुमचा तो वड्याकाठचा चिचंचा मळा म्हाईत हाय का?"

"तो आमच्या चुलत सासऱ्याचा."

"लई चेंगट मानूस. ज्वारी देतानी हात आखडतंय." मग तिनं आवाज जरासुद्धा न उतरवता विचारलं, "तुला बी पांढऱ्या पेशीचंच का?"

मी इकडंतिकडं बघितलं. मान हलवली.

"मला बी तेच हाय," ती म्हणाली. म्हणाली कशी, तर जसं कुणी म्हणतं की माझं माहेरही तिकडचंच. "चार वर्सं झाले. आदी दुसरी दवा व्हती, मंग ही गोळी आली."

 चार वर्षं! ही बाई चार वर्षं हे घेऊन जिती आहे? जेवते? बोलते? चुलत सासऱ्याला नावं ठेवते? मी विचारलं, "मावशी, मग आता तुम्ही घरीच असता का?"

"घरी? घर कुठलं गं! मेंढरामागं असते. सकाळी निघाले की दिस बुडंस्तवर चालनं."

ही भिवराबाई. औंढ्याकडच्या एका गावची. तिनं मला त्या दिवशी जे समजावलं ते अजूनही माझ्या डोक्यात तसंच बसलंय. म्हणाली, "हे बघ, आमची मेंढरं काळी, अन् रगतातली पांढरी. लई झाली की दुसऱ्याच्या रानात घुसत्यात, पीक खाऊन टाकत्यात. गोळी म्हंजे आपलं कुत्रं. कुत्रं काय मेंढरं संपवत न्हाई. फकस्त हद्दीत ठेवतं. म्हनून रोज पाहिजे. कुत्रं एक दिस झोपलं की झालं."

माझ्या आत एवढं मोठं रान आहे आणि त्यात एक कुत्रं राखण करत फिरतंय, हे मला इतकं नवल वाटलं की मी घरी येताना गाडीत डाव्या बरगडीवर हात ठेवून बसले होते. पहिल्यांदाच त्या जागेची भीती वाटली नाही.

दर महिन्याला तपासणी होती, म्हणून मालकांनी पुण्यातच एका बांधकामावर राखणीचं काम धरलं. मी कांडपात लागले. गोदू शाळेसाठी आत्याबाईंजवळ राहिली. गोळीनं सकाळी डोळे सुजायचे, पायात गोळे यायचे, मळमळायचं. आणि एक गंमत झाली. गोळीनं रंग उजळतो. सणाला गावी गेले तर बाया म्हणायच्या, "पुन्याचं पानी मानवलं गं मुक्ताला! कसली गोरी झाली!" एकीनं तर कोणतं क्रीम लावते ते विचारलं. मी ते भिवराबाईला सांगितलं तर ती खो-खो हसली. "माझ्या सुनंला वाटतंय की सासू चोरून पावडर लावती!"

आमचे तपासणीचे दिवस नंतर वेगळे पडायला लागले आणि भेट होईना. तोवर साधे मोबाईल आले होते. भिवराबाईच्या मुलानं तिला एक घेऊन दिला. तिला अक्षर येत नव्हतं. कोणतं बटण दाबून धरलं की मुक्ता लागते, एवढं तिला शिकवलं. मग तिनंच रीत काढली. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घातली, भाकर खाल्ली, गोळी घेतली की ती मला एक रिंग द्यायची आणि तोडायची. उचलायचं नाही. उचललं की फुकट पैसे जातात आणि बोलण्यासारखं असतंच काय? एक रिंग म्हणजे: जेवले, गोळी घेतली, आहे. मग मी जेवून माझी गोळी घ्यायची आणि पुढची रिंग वारंगा फाट्यावरच्या राशीदभाईंना द्यायची. राशीदभाईंचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. त्यांनाही हेच दुखणं. दवाखान्यातल्या ताईंनी ओळख करून दिली होती. ते गोळी घेऊन परत भिवराबाईला रिंग द्यायचे. अशी फेरी पूर्ण व्हायची.

मला याचं नवल कधी संपलं नाही. कुठल्या तरी उजाड माळावर, कुठल्या गावाच्या शिवारात ते मला माहीतही नाही, एक बाई तांब्यातून पाण्याचा घोट घेते आणि इकडं पुण्यात माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरतो. मंदिरात घंटा वाजल्यावर जसं क्षणभर सगळं थांबतं तसं मला रोज व्हायचं. मशीन चालू असायचं, गिऱ्हाईक ओरडत असायचं, "अहो, माझे धने झाले का?" आणि मी उगाच हसत उभी.

एका साली पुन्हा हळदीचेच दिवस होते. माझी मोठी तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, गोळीचा जेवढा असर व्हायला पाहिजे तेवढा दिसत नाही. गोळी वाढवू, परत तपासू, मग ठरवू. मी त्या दिवशी रिंग देऊन तोडली नाही. भिवराबाईला फोनच केला आणि रडले. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "रडू नको. बघतो ना आमी." आमी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर तिची रिंग यायची बंद झाली.

पहिल्या संध्याकाळी वाटलं, तिकडं रेंज नसेल. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, बॅटरी उतरली असेल. मी गोळी घेतली आणि राशीदभाईंना रिंग दिली, पण फेरीचं तोंडच गायब होतं. तिला फोन लावला तर नुसताच वाजत राहायचा. मग माझा धीर सुटला. मनात नको नको ते यायला लागलं. तिला पाच-सहा वर्षं झाली म्हणून मी पाच-सहा वर्षांपर्यंत बघू शकत होते. ती माझ्या पुढं चालत होती. पुढचं माणूसच दिसेनासं झालं तर मी पाय कुठं टाकू?

राशीदभाईंनी फोन उचलून सांगितलं, "मुक्ताबहेन, घाबरू नका. ढूंढतो मी." फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते विचारायला लागले: मेंढरांनी रस्ता कुठं अडवला व्हता का? ट्रकवाल्यांना दुसरं काही लक्षात राहो न राहो, मेंढरांनी अडवलेला रस्ता बरोबर लक्षात राहतो. दुसऱ्याच दिवशी पत्ता लागला. कळप औंढ्याजवळ एका रानात बसलेला होता. आणि शिवरात्र तोंडावर आली होती.

मी मालकांना म्हणाले, मला जायचंय. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवी भरायला घेतली.

औंढ्याला नागनाथाच्या देवळापाशी शिवरात्रीला माणसांचा नुसता पूर असतो. बेलाच्या टोपल्या, नारळाची दुकानं, पाळणे, भोंगे, धूळ. राशीदभाई फाट्यावरून मोटारसायकलवर आले होते, वाटेत कळपापाशी थांबून ती देवळाकडं गेल्याचं विचारून. भिवराबाई आम्हाला देवळाबाहेर काळ्या दगडाच्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. पण मला बघून तोंडभर हसली.

"आली का गं? एवढ्या लांबून काहून आली?"

मी भांडायच्याच तयारीत होते. "फोन काहून बंद केलास मावशे?"

"बंद कुठं? चालूच हाय की." तिनं कनवटीचा फोन काढून दाखवला. "पन गोळीच घेतली न्हाई, तर रिंग कशाची देऊ? खोटी देऊ का?"

"अन् मी केला तर उचलायचा ना!"

"त्या दिशी उचलला तेच चुकलं. आपलं ठरलेलं हाय ना, उचलायचं न्हाई म्हनून."

राशीदभाई कपाळाला हात लावून खाली बसले. मी विचारलं, "गोळी काहून घेतली न्हाईस?"

"डाक्टर काय म्हनले? रिकाम्या पोटी घ्यायची न्हाई. माझं पोट रिकामं हाय. सोमवारपासनं."

"रिकामं काहून?"

तिनं मान वर केली, देवळाच्या शिखराकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "त्याला बोलले मी. शिवरातीपत्तर पान्यावर राहते म्हनलं, मुक्तीचा रिपोट चांगला येऊ दे."

 कोण कुठली बाई, बाकड्यावर भेटलेली. स्वतःच्या रानातलं कुत्रं बांधून ठेवून ती माझ्या रानाची राखण मागत बसली होती. एवढ्या गर्दीत, एवढ्या भोंग्यांच्या आवाजात मला अगदी शांत वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. ही बाई माझ्यापायी गेली तर?

राशीदभाईच बोलले. "मावशी, हे बराबर न्हाई. आमचा रोजा असतो, दिवसभर पानी बी न्हाई. पन सूरज डुबला की खजूर खातो, जेवतो, मंग गोळी खातो. अल्ला कधी नाराज न्हाई झाला. तुमच्या देवाला तर साबुदाना बी चालतो!"

"त्याला चालतंय रे," भिवराबाई म्हणाली, "मीच कडक बोलून बसले ना. शब्द दिला."

मग मला कुठून सुचलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "मावशे, शब्द तू दिलास ना? मग उपास तुझा. कुत्र्यानं काय बोललं होतं देवाला? त्याला काहून उपाशी ठेवलंस?"

तिनं हातातला फोन परत कनवटीला खोचला. मग तिच्या पोटातून हसू वर येताना मला दिसलं, ओठ फुटलेले असताना ती हसली आणि ओठाला पदर लावला. "रांडे," ती म्हणाली, "माझंच कुत्रं माझ्यावर सोडलंस व्हय गं!"

राशीदभाई पळत जाऊन पानाच्या द्रोणात भगर घेऊन आले, राजगिऱ्याचे लाडू आणले. भिवराबाईनं आधी शिखराला हात जोडले आणि मोठ्यानं सांगितलं, "निरंकार सोडला बाबा, उपास न्हाई सोडला. फराळ हाय. समजून घे." शेजारच्या फुलवालीनंही हात जोडले, कशासाठी ते तिला माहीत नसताना. मग आम्ही तिघं भिंतीला टेकून भगर खात बसलो. जिभेला चव लागायला लागली तसं भिवराबाईचं बोलणं सुरू झालं, आधी भगरीत मीठ कमी म्हणून, मग माझ्या चुलत सासऱ्यावरून. खाऊन झाल्यावर तिनं कनवटीतून गोळी काढली. आमची वेळ संध्याकाळची, अजून ऊन होतं. तरी मीही काढली, राशीदभाईंनीही काढली. एकाच तांब्यातलं पाणी तिघांनी वरून ओतून प्यालं.

समोरून माणसं चालली होती. हजारो असतील. बेल घेऊन, लेकरं खांद्यावर घेऊन. त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं की या काळ्या भिंतीपाशी आत्ता काय झालं. मला वाटलं, या गर्दीत अजून कितीजण असतील? आपल्यालाच झालंय असं समजून गप्प चालणारे? आत्तापर्यंत मी देवाजवळ मला बरं कर एवढंच मागत आले होते. त्या दिवशी मागायचं राहूनच गेलं. मी नुसती बघत होते. भिवराबाईच्या गळ्यातून पाणी खाली उतरताना बघत होते.

माझा पुढचा रिपोर्ट चांगला आला. भिवराबाई म्हणते, नागनाथानं केलं. राशीदभाई म्हणतात, वाढवलेल्या गोळीनं केलं. दोघं यावरून अजून भांडतात. भिवराबाईचीही तपासणी झाली, डॉक्टर तिला रागावले आणि तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मेंढरं हद्दीत होती. आता कुणाचाही उपास असला तरी गोळीपुरतं फराळ करायचं, असा नेमच झालाय. आमच्या फेरीत अजून काहीजण आलेत. त्यांतली एक पूर्णेकडची पोरगी पहिल्या फोनवर रडून म्हणाली, "ताई, मला वाटलं मला एकटीलाच." मी म्हणाले, "कुठली गं तू?"

आज दिवसभर हळकुंडंच दळली. कोपरापर्यंत पिवळी झालेय. आता असं हातांकडं बघितलं की आधी मनात येतं, खालून कोणता रंग निघेल? ती धास्ती गेली नाही, जाणारही नाही. भिवराबाई आता थकलीय, मेंढरं मुलगा बघतो, ती राहायच्या पालापाशी बसून असते. दिवस बुडाला. मालक जेवायला वाढ म्हणाले. मी ताटं घेतली, पण कान कमरेपाशी. आज उशीर झाला. मी पहिला घास मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले.

फोन थरथरला. एकदा. थांबला.

गोदू आता इथंच असते, आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, फोन! उचल ना!"

मी घास तोंडात घातला. "न्हाई गं," म्हणाले, "तो उचलायचा नसतो." आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.